पेराएवढं फळ

२४ ऑगस्ट, रविवार. अमरावती.

प्रणाली सकाळी अकोल्याहून आली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना कासव ठेवून गेली. बँकेनं तिला सहा आठवडे हैदराबादला ट्रेनिंगला पाठवलं आहे, आणि अकोल्याच्या तिच्या भाड्याच्या खोलीत या प्राण्याकडे पाहणारं कोणी नाही. मी निवृत्त, एकटा, घरामागे अंगण. म्हणजे आयतीच सोय.

कासवाचं नाव बुवा. मान बाहेर काढून बसला की म्हातारा कीर्तनकार दिसतो, म्हणून हे नाव. ताटाएवढा घेर. मी एकतीस वर्षं वनखात्यात कारकुनी केली, त्यातली अकरा सेमाडोहच्या जंगलात, त्यामुळे पहिला प्रश्न कागदांचा विचारला. आपल्या जंगलातलं कासव घरात सापडलं तर सरळ गुन्हा आहे. हे आफ्रिकेकडचं निघालं आणि नोंदणीची पावतीही निघाली. पोरगी माझीच आहे.

फ्रिजवर कागद चिकटवून गेली आहे. गवत, हराळी, केना, जास्वंदाचा पाला हे रोजचं जेवण. फळ आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढं. 'पेराएवढं'च्या खाली लाल शाईनं दोन रेघा.

"आन् तेही नाही देल्लं तरी चालते, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या पोटाले गोड झेपत नाही."

"एवढं मुकं जनावर, त्याले काय उपाशी मारतं का व?"

"उपाशी काहून? अंगनभर गवत हाय."

फ्रिजवर चार वर्षांपूर्वीही असाच एक कागद होता. तेव्हा डॉक्टरांचा होता. त्याच्या चिकटपट्टीचे डाग अजून निघाले नाहीत, आणि पोरीनं नवा कागद नेमका त्यांच्यावरच लावला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

गणपती बसवला. एकट्याचा गणपती, एकट्याची आरती, टाळ्या वाजवायलाही मीच. बुवा दारात येऊन बसला होता. नैवेद्याच्या केळ्याचं एक पेर त्याला दिलं. आठवड्याचा कोटा संपला.

केळं पाहिल्यावर या प्राण्याच्या अंगात जे येतं ते पाहण्यासारखं आहे. दिवसभर फायलीसारखा सरकणारा, केळ्यासाठी चक्क पळतो.

३१ ऑगस्ट, रविवार.

रात्री आठला प्रणालीचा फोन. जेवलात का, गोळी घेतली का, हे एका दमात. मग खरा प्रश्न. "फळ नाही ना देल्लं जास्त?"

"पेराएवढंच."

खोटं नाही बोललो. कोणाच्या बोटाचं पेर, हे तिनं लिहिलेलं नाही. माझा अंगठा चांगला जाड आहे. शिवाय आठवड्यातून एकदा म्हणजे रविवार ते रविवार की सोमवार ते सोमवार, हेही स्पष्ट नाही. असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.

७ सप्टेंबर, रविवार.

उद्यापासून पितृपक्ष. पुढच्या सोमवारी अविधवा नवमी, बायकोचं, रुख्मिणीचं, पान टाकायचं. प्रणालीला फोनवर म्हटलं, रविवारची रात्र आणि सोमवार, एवढी रजा काढ.  ती म्हणाली, "सुटी नाही भेटत, बाबा."

पहिल्या वर्षी परीक्षा होती. दुसऱ्या वर्षी ताप. गेल्या वर्षी ऑडिट. आता ट्रेनिंग. आई गेल्यापासून एकाही नवमीला ही पोरगी घरात नाही. बुवाची विष्ठा कशी आहे हे मात्र रोज विचारते. मला राग आला आहे आणि तो लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर निघणार नाही. कासवाला जीव लावणारी माणसं आईला इतक्या लवकर विसरतात, हे मला माहीत नव्हतं.

रागाच्या भरात पपईची चांगली मोठी फोड बुवाला दिली. त्याचा काय दोष.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी.

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण उद्या माझाच यावर विश्वास बसणार नाही.

माणिकबाई सकाळी टोपली घेऊन आल्या. बडनेरा रोडला त्यांचा मळा आहे, वीस वर्षं आमच्या घरी भाजी देतात, रुख्मिणीशी त्यांचं फार जमायचं. आज टोपलीत घाटावरची सीताफळं होती. या वर्षी लवकर आली. मी दोन घेतली. गेल्या तीनही नवम्यांना मिळाली नव्हती.

सीताफळाचं प्रकरण मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. आज लिहितो. रुख्मिणीचं डायलिसिस सुरू होतं. फळं बंद, नारळपाणी बंद, पाणीसुद्धा मोजून. जायच्या आधी तीन दिवस, दुपारी, ती मला म्हणाली, "माणिकबाईच्या टोपलीत शिताफय आलं हाय. एक पाकयी दे न." मी डॉक्टरांचा कागद तिच्यासमोर धरला. कारकून ना मी. नियम दाखवला. ती म्हणाली, "राहू दे मंग," आणि कूस बदलली. परत मागितलं नाही. त्या वेळी मला वाटलं मी तिला वाचवतो आहे. ती गेली, आणि ती पाकळी माझ्या घशात राहिली ती राहिलीच.

तर आज पान वाढलं. वरण-भात, कढी, वडे, गव्हाची खीर. सीताफळाचा गर बिया काढून कडेला ठेवला. अंगणाच्या भिंतीवर पान ठेवून अर्धा तास उभा राहिलो. कावळा नाही. शेजारच्या निंबावर दोन बसलेले, पण इकडे पाहतील तर शपथ.

माणिकबाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बाईचं काई राह्यलं असन मनात. बोला. कबूल करा, मंग येते कावया."

मी बोललो. प्रणालीचं लग्न करून देईन. तिच्या मनाप्रमाणे करीन. घर विकणार नाही. तुझ्या भावाशी अबोला सोडीन. एवढं सगळं कबूल केलं, कावळे जागचे हलले नाहीत. पान उन्हात वाळायला लागलं म्हणून मी ते उचलून खाली पायरीवर, सावलीत ठेवलं.

आणि तुळशीमागून बुवा आला. तो सरळ पानाकडे आला. भाताला तोंड लावलं नाही, वड्याला नाही. पानाच्या कडेनं फिरून सीताफळापाशी थांबला आणि सगळा गर खाऊन टाकला. शेवटी पान चाटलं.

माणिकबाईंनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. "पावली व माय," म्हणाल्या.  मी पायरीवरच बसलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

कासवात माणूस येतो, असं मी म्हणत नाही. माझं शिक्षण बी. कॉम. आहे. मी फक्त फळ देतो.

सकाळी सीताफळ, दुपारी केळं, संध्याकाळी पपई किंवा पेरू, जे असेल ते. देताना तोंडातून "घे" एवढंच निघतं. ते कोणाला म्हणतो, यावर विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. चार वर्षांत पहिल्यांदा या घरात कोणी काही मागतं आहे आणि मी देतो आहे. झोपसुद्धा चांगली लागते.

फोनवर प्रणालीला "सगळं कागदाप्रमाणे" असं सांगितलं. हे मात्र खोटं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या.

बुवाला जुलाब. अंगणभर घाण, पाण्यासारखी पातळ, त्यात फेस. सकाळपासून मान आत आहे. केना ठेवला, हराळी ठेवली, जास्वंदाची फुलंसुद्धा ठेवली. ढुंकून पाहत नाही. पेरूची फोड दाखवली तेव्हा एक डोळा उघडला आणि मिटला.

माझ्या हातून काय झालं ते मला कळलं आहे. लिहवत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार.

गोवर्धनला बोलावलं. सेमाडोहला माझ्याबरोबर होता, जनावरांचा डॉक्टर. आता तोही निवृत्त. बुवाला उलटंपालटं करून पाहिलं, विष्ठा काडीनं पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"काय चारलं रे, भगवंता?"

मी यादी सांगितली. श्राद्धाचं सांगितलं नाही, फळांचं सांगितलं.

"लेका, हे वाळलं गवत खानारं जनावर. एवढी साखर गेल्यावर याच्या पोटातलं सारं नासते. तू याले जेवन नाही देल्लं, दारू पाजली. आता हे गवताले तोंड लावनार नाही, फयाचीच वाट पाहीन."

"मंग?"

"मंग काही नाही. फय बंद. एक फोडही नाही. रोज कोमट पान्यात बसव, समोर गवत ठेव. खाईन तं वाचन."

"आन् नाही खाल्लं तं?"

गोवर्धननं हात धुतले आणि टॉवेल मागितला. 

२५ सप्टेंबर, गुरुवार.

तीन दिवस झाले. जुलाब थांबले. आज मान बाहेर आहे, पण गवत खात नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येतो आणि फळांच्या टोपलीकडे तोंड करून उभा राहतो. पाऊण तास उभा होता. टोपली मी रिकामी केली आहे, त्याला ते कसं सांगू.

वजन केलं. किराणावाल्याकडचा काटा आणला. प्रणालीनं कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा साडेतीनशे ग्रॅम कमी.

माणिकबाई म्हणाल्या, "काहून एवढे कठोर होऊन राहिले, भाऊ? त्या दिशी बाईनं त्याच्या तोंडानं खाल्लं. एक पाकयी द्या, जीव तरी राहीन."

त्यांनी सीताफळ पायरीवर ठेवलं आणि गेल्या. उत्तम पिकलेलं, डोळे उघडलेले. मी ते हातात घेऊन बसलो. बुवा माझ्या पायापाशी आला, मान वर केली. चार वर्षांपूर्वी मी कागद पाळला आणि आजतागायत पस्तावलो. या वेळी कागद मोडला, तर हे झालं. मग माणसानं करावं तरी काय, हे मला कोणी सांगेल का? पाळलं तरी माझंच चुकतं आणि मोडलं तरी माझंच.

सीताफळ शेजाऱ्यांच्या घरी देऊन आलो. परत आलो तेव्हा बुवा तिथेच होता, मान वर करून.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

नाही खाल्लं.

२८ सप्टेंबर, रविवार.

आठला फोन आला. "फळ नाही ना देल्लं जास्त?" मी म्हटलं, "प्रणाली, मी रोज देल्लं. तीनतीनदा. तुह्याशी खोटं बोललो. बुवा सात दिवसांचा उपाशी हाय आन् मले वाटते तो जाईन."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.  अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काहून देल्लं, बाबा?"

"मागत होता व. मागनाऱ्याले नाही म्हनवलं नाही."

ती फोनवर रडायला लागली. कासवासाठी माणूस इतकं रडत नाही. मी घाबरलो. म्हणालो, गोवर्धन पाहतो आहे, औषध चालू आहे, तू काळजी नको करू. ती म्हणाली, "मी येऊन राहिली," आणि फोन ठेवला. म्हणजे तिला सुटी मिळते.

३० सप्टेंबर, मंगळवार.

प्रणाली सकाळी पोचली. बॅग दारातच टाकून अंगणात गेली. बुवाला उचलून घेतलं, पोटाकडून पाहिलं, डोळे पाहिले, कोमट पाण्यात बसवलं.  फ्रिजवरचा कागद काढून चुरगाळला. मी म्हटलं, राहू दे, कामी येईल. म्हणाली, "कागदानं काय होते, बाबा."

केना बारीक चिरून, त्यावर जास्वंदाचं लाल फूल कुस्करून ठेवलं. बुवानं वास घेतला. तोंड वळवलं. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून. मी तिला नवमीच्या दिवशीचं सगळं सांगितलं. कावळ्याचं, सीताफळाचं. ती पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. सीताफळाचं ऐकल्यावर तिचा चेहरा असा झाला की मला पुढचं सांगायची भीती वाटली.

दमलो आहे. पुढचं उद्या लिहीन.

१ ऑक्टोबर, बुधवार.

बुवानं सकाळी साडेसहाच्या आत कधीतरी केना खाल्ला. आम्ही समोर नव्हतो तेव्हा खाल्ला. निम्मी थाळी. गोवर्धनला फोन केला, म्हणाला, आता जगतं, पण लगेच नाचू नको.

आता कालचं.

मी प्रणालीला सांगितलं की तुझ्या आईनं सीताफळ मागितलं होतं आणि मी दिलं नाही. कागद दाखवला. हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. मला वाटलं ती मला माफ करणार नाही.

ती म्हणाली, "मले माहीत हाय. मी दारात होती."

 बुवा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बाबा, तुमी इंजेक्शन आनाले गेलते न त्या दिशी संध्याकाळी. मी माणिकबाईकडून आनलं. आईले देल्लं." आणि मग एकदम, तोंडावर हात ठेवून, "तिसऱ्या दिशी गेली ती. माझ्यानं गेली. मी तिच्या पानाले कोन्या तोंडानं येऊ?"

चार वर्षं. परीक्षा, ताप, ऑडिट, ट्रेनिंग.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी लिहायची लाज वाटते. माझी पोरगी माझ्यासमोर हमसून हमसून रडत होती, आणि मला आधी आनंद झाला. इतका, की मी उभाच राहिलो. रुख्मिणीला मिळालं होतं. ती तशीच नव्हती गेली. मी ज्या पाकळीसाठी कावळ्यांपुढे हात जोडले, ती तिनं चार वर्षांपूर्वीच खाल्ली होती. कावळ्यांनी येऊन करायचं तरी काय होतं?

मग पोरीचं रडणं कानात शिरलं आणि मी खाली बसलो. तिला म्हटलं, आईच्या रक्तात इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर ते लिहिलं आहे, एवढ्याशा फळानं काही होत नाही. ती म्हणाली, दाखला तिनं दहा वेळा वाचला आहे. खरंच, वाचून काय होणार. मीही कागदाप्रमाणेच वागलो होतो, मला तरी झोप कुठे लागली. हे मी तिला मोठ्यानं सांगितलं. म्हटलं, तू देल्लं म्हनून जळून राहिली आन् मी नाही देल्लं म्हनून. दोघायपैकी एकाचं तं बरोबर असन न व? तं तुहं बरोबर होतं. मी तिचा नवरा होतो, मी सांगतो.

तिनं डोळे पुसले नाहीत, पण माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "खाल्लं का मंग तिनं?"

"हो. अर्धं."

"काही म्हने?"

प्रणालीनं नाक ओढलं. तिच्या तोंडावर अगदी तिच्या आईसारखं काहीतरी आलं. "म्हने, एवढं लपून आनलं व, आन् हे असं फिक्कं? पुढच्या बारीले दाबून पाहून आन."

हे तिचंच बोलणं आहे. दुसऱ्या कोणालाही असं सुचणार नाही. मरणाला टेकलेली बाई, चोरून आणलेलं फळ, आणि त्यातही तिला खोट दिसली.

आज सकाळी चहा घेताना मी प्रणालीला ते परत सांगायला लावलं. तिनं सांगितलं. जेवताना अजून एकदा विचारणार आहे.